क्लास नंतर, आधी बाजार

भाऊ, तुला परदेशी व्यापारात एमबीए करायचंय आणि बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे हाताशी वेळ आहे. पहिली चूक सगळेच करतात (मीही केली): आधी नागपूरच्या क्लासची फी, मग अभ्यास.

१. रोज तासभर इंग्रजी वाच, दहावीचं गणित पक्कं कर. कॅटमध्ये (एमबीएची प्रवेश परीक्षा) ३ विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बहुपर्यायी प्रश्न चुकला की १ गुण जातो, म्हणून अंदाजपंचे ठोकू नको.

२. विषय गावातूनच पकड. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की वरुडचा संत्रा का पडून राहतो, ते बापाला विचार. मग परदेशी माल विकताना खर्च कोणाकडे हे ठरवणाऱ्या अटीही सोप्या होतात: एफओबीत जहाजाचं भाडं खरेदीदाराकडे, सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे, हे एका वाचनात डोक्यात बसतं.

इन्कोटर्म्सच्या (अशा अटींची जागतिक यादी) अकराही अटी आत्ताच पाठ करू नको. त्या पुढे आहेतच.