वरचं दूध : सांगून नाही, सुट्टी देऊन बघा

तुमच्याकडे कामाला येणारी ताई तीन महिन्यांच्या बाळाला पाणी घातलेलं पिशवीचं दूध पाजते, 'सहा महिने फक्त अंगावरचं' हे कितीदा सांगूनही ऐकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वस्तीत आरोग्याचं काम करताना अशा बाया मला रोज भेटायच्या. सहा महिन्यांचं त्यांना तोंडपाठ असतं हो. अंगणवाडीत तेच, लसीकरणाला गेलं तरी तेच.

अडतं ते वेळेपाशी. सकाळी आठला घर सोडायचं, चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी परतायचं. तोवर बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे, आणि पिशवी संध्याकाळपर्यंत पुरवायची म्हणून दुधात पाणी. इकडे तिसऱ्या घरी भांडी घासताना पान्हा फुटतो, ब्लाऊज भिजतो, बाई पदर लपेटून घेते. दूध वेळेवर निघालं नाही की ते कमी कमी होत जातं. मग सासू म्हणते, 'हिला दूधच नाही.' (खापर तिच्या खाण्यावर फुटतं. खरं तर बेताचं खाणाऱ्या बाईलाही बहुतेक वेळा दूध पुरेसं येतं, झीज होते ती तिच्या अंगाची.)

२०१७ साली पगारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, पण ती १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. तुमच्या स्वयंपाकघरात ती लागू नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. चार घरांच्या पगारापुढे ते किती दिवस पुरणार?

तेव्हा आधी बाकीच्या तीन घरांशी बोला. एकट्या तुम्ही सुट्टी दिलीत तर ती उरलेल्या घरी जाणारच. पगारी सुट्टी जमत नसेल तर बाळाला सोबत आणू द्या, मध्ये अर्धा तास बसून पाजू द्या. तेही नाही, तर हात धुऊन दूध हाताने काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवता येतं. गार जागी चारेक तास टिकतं, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तेवढा भरवसा धरू नका. पाजायचं वाटी-चमच्याने. बाटली नीट उकळायला गॅस जाळावा लागतो, तो कोण जाळणार? दूध कमी झालं असेल तर रात्रीचं पाजणं वाढवून बऱ्याचदा पुन्हा वाढतं. बाळाचं वजन मात्र अंगणवाडीत बघत राहायला सांगा.

आणि बदलीची बाई शोधायच्या आधी 'काम तुझंच आहे' हे तिला स्पष्ट सांगा. घर हातचं जाईल या धाकानेच बऱ्याच जणी दीड महिन्यात कामावर हजर होतात.