गावात जुने मराठी सिनेमे दाखवतो, पण लोक अर्ध्यातून उठून जातात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याकडच्या तुमच्या गावात शाळेच्या आवारात दोनदा जुना सिनेमा लावला. प्रोजेक्टर शाळेचा, आवाजाला डीजेचे बॉक्स, आणि मध्यंतरापर्यंत सतरंज्या रिकाम्या. यावरून गावाला जुने सिनेमे नकोत असं धरून चालू नका. माझ्या मते लोकांना संवादच कळले नाहीत, आणि बोलणं कळत नसेल तर तास-दीड तास कोण बसेल?

त्या काळातल्या सिनेमाचा आवाज रिळाच्या कडेला छापलेल्या पट्टीवरून यायचा. त्यात खर्ज कमी, फार उंच स्वरही कमी. सगळं मधल्या भागात, म्हणजे माणसाच्या बोलण्यात. डीजेचे बॉक्स नेमके उलट कामाचे. बास चढवला की शब्द बुडतात आणि नुसती घुंघुं वर येते. म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा मोठा बॉक्स, काढूनच टाका. मिक्सरवर बास शून्याच्या खाली, मिड थोडा वर, खरखर जास्त असेल तर ट्रेबल (उंच स्वर) जरा कमी. आणि इको बंद! लग्नातल्या पुकाऱ्यासाठी लावलेला इको तसाच राहून जातो आणि मग प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्यावर चढतं. भजनी मंडळाकडे उभे कॉलम स्पीकर असतील तर तेच मागून घ्या. दीडशे माणसांना दोन पुरतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर ठेवा. कडुनिंबावरचा भोंगा नको.

एक चूक हमखास होते. लॅपटॉपमधून येणारी स्टिरिओ पिन थेट माइकच्या बॅलन्स्ड इनपुटला (ते दोन तारांवरच्या आवाजातला फक्त फरक घेतं) लावली, तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. जुन्या सिनेमात दोन्हीकडे एकच आवाज असतो, त्यामुळे संवाद जवळपास नाहीसे होतात आणि खरखर तेवढी उरते. लॅपटॉपकडून ३.५ एमएमची पिन आणि दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली वायर घ्या, ती ऑक्स किंवा लाइन इनपुटला लावा. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबत असेल तर लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. आदल्या दिवशी कुणाला तरी शेवटच्या रांगेच्या जागी डोळे मिटून बसवा आणि ऐकलेलं वाक्य परत म्हणायला सांगा. त्याला जमलं, तर गावाला जमेल.

चित्राचं त्यामानाने सोपं आहे. हे सिनेमे जवळजवळ ४:३ मापाचे, म्हणजे ८ फूट रुंदीला साधारण ६ फूट उंची. आडवे ताणले की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात, म्हणून प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्हीची सेटिंग बघा. शाळेचा जुना १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर यासाठी उलट चांगला, कारण त्याचं माप मुळातच ४:३ आहे. ८ फुटांच्या चित्राला तो साधारण १२ ते १४ फुटांवर बसतो. पडद्यापेक्षा चुना किंवा पांढरं डिस्टेंपर लावलेली भिंत बरी. ऑइल पेंट चमकतो. कापडच लावायचं असेल तर मागे काळं कापड जोडा आणि खालच्या काठातही बांबू ओवा, नाहीतर वावधन सुटलं की पडद्याचं शीड होतं.

वीज गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही बंद पडतो आणि तापलेला दिवा खराब होतो. त्याला इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेलीच तर पाच मिनिटं थंड होऊ द्या, मग सुरू करा. सिनेमा नेटवरून चालवू नका, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि लांबी तपासा. ‘संत तुकाराम’ सुमारे १३० मिनिटांचा आहे; तुमची फाइल बरीच आखूड असेल तर ती कापलेली आहे.

वेळ सव्वासातची. लाउडस्पीकरची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो बंदच ठेवावा लागतो. साडेनऊला संपलं की बायाही निर्धास्त येतात. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची आहे तो टाळा. कास्तकार मोटर सुरू करायला वावरात जाणारच.

पहिला सिनेमा ‘संत तुकाराम’च लावा. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांचा हा १९३६ चा सिनेमा परक्या प्रेक्षकांनाही भिडला, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आणि तुमच्या गावात तर अर्ध्या लोकांना अभंग पाठ असतील. त्यातली तुकोबांची बायको जिजाई बघा, गौरी या नटीने केलेली; संसाराला टेकीस आलेली ही बाई गावातल्या बाया लगेच ओळखतील. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे, हे मात्र संपल्यावर सांगा. आधी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. दुसऱ्या खेपेला गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाळा’ (१९७७) घ्या, बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. ‘कुंकू’ (१९३७) आवाज पक्का जमल्यावर. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही, घड्याळाची टिकटिक आणि घरातली शांतताच बोलते, आणि ती घुंघुंत ऐकू येणार नाही.

हक्काचं असं की प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं सिनेमाचा कॉपीराइट राहतो. १९३६ चा सुटला, १९७७ चा नाही, त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. गाणी आणि कथेचे हक्क मात्र वेगळे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजले जातात. म्हणून जुन्या सिनेमालाही चौकशी करा आणि तिकीट लावू नका.