राजीनामा पाठवण्याआधीचा हिशेब

प्रिय मैत्रिणी,

अनेक आशीर्वाद.

बाळंतपणाची रजा संपायला दोन महिने उरलेत आणि राजीनामा लिहून ठेवलाय, असं तू कळवलंस. लिहिलेला असू दे, पाठवू मात्र नकोस. झोप तुटलेली असताना घेतलेला निर्णय बहुधा थकव्याने घेतलेला असतो. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते ओसरतंही. पण दोन आठवडे उलटून गेल्यावरही उदासी टिकली असेल तर आधी डॉक्टरांना भेट, नोकरीचं मागाहून बघू.

सुरुवात कागदांपासून कर. नेमणूकपत्र आणि रजेचे नियम काढून त्यात चार गोष्टी शोध. रजेनंतर ठरावीक काळ कामावर न राहिल्यास रजेचा पगार परत मागता येतो का? नोटिशीचा काळ रजेत धरला जातो का? बोनस कोणत्या तारखेला हजर असणाऱ्यांना मिळतो? कामाच्या ठिकाणचा आरोग्यविमा नेमका कोणत्या दिवशी संपतो? पहिलं कलम बरेच जण वाचतच नाहीत आणि मग हिशेबाच्या वेळी चकित होतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात किमान १४ आठवडे रजा आणि परतल्यावर त्याच किंवा समान पगाराच्या तशाच पदाचा हक्क आहे. तुझ्या देशाचा कायदा याहून जास्त देत असेल किंवा कमी, तोही बघ. ‘तुझी जागा भरली’ हे तोंडी ऐकून राजीनामा द्यायचा नसतो.

आता पैसे. घरोघरी हिशेब असा मांडतात: तिचा पगार १००, त्यातले ४५ पाळणाघराचे, १० जाण्यायेण्याचे, १० वरकामाचे. उरले ३५, एवढ्यासाठी कशाला धावपळ? या मांडणीत दोन चुका आहेत. पहिली, पाळणाघराचा खर्च एकट्या आईच्या पगारावर टाकलेला असतो. मूल दोघांचं आहे. नवऱ्याचा पगार १२० असेल तर ४५ जातात ते २२० मधून. (महिन्याअखेरीस घरात उरणारी रक्कम यामुळे बदलत नाही, हे मान्य. पण ‘तुझी नोकरी परवडत नाही’ हे वाक्य मात्र तिथेच गळून पडतं.)

दुसरी चूक जास्त महाग पडते. हा हिशेब फक्त एका वर्षाचा असतो. पाळणाघराचा खर्च मूल मोठं होईल तसा उतरतो आणि पगार चढतो. वर्षाला ७ टक्के वाढ धरली तर १०० चे तीन वर्षांत साधारण १२२ होतात. तीन वर्षं घरी राहून परतणाऱ्या बाईला जुन्याच पगारावर, कधी त्याहूनही कमीवर रुजू व्हावं लागलं, तर पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या पायरीवरून मोजली जाते. निवृत्तीसाठी जमणाऱ्या पैशाचंही तेच. ८ टक्के चक्रवाढीने आज टाकलेले १० तीस वर्षांत १०० होतात. महागाई त्यातला मोठा वाटा खाते, तरी सुरुवातीची वर्षं कोरी गेली की ती भरून काढणं अवघड असतं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवलं: एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली तफावत मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते. म्हणून कागदावर पाच वर्षांचे दोन रकाने आख, राहिलीस तर आणि सोडलीस तर. दोन्हींत दरवर्षीचा पगार, मुलाचा खर्च आणि निवृत्तीची भर लिही.

या रकान्यांत नोकरी हरूही शकते. वाढ नाही, शिकायला काही नाही, रोज तीन तास प्रवासात आणि मुलाला खास देखभाल लागते, अशी स्थिती असेल तर सोडणंच शहाणपणाचं. फक्त त्याआधी रंगीत तालीम घे. पुढचे दोन महिने तुझा पगार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि घर एकाच पगारावर चालवा. गेल्या १२ महिन्यांचं बँकेचं विवरण काढून विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, प्रवास असे वर्षातून एकदाच येणारे खर्च शोधा, त्यांना १२ ने भागा आणि ती रक्कम दरमहा बाजूला काढा. तालीम फसते ती इथेच: पहिला महिना छान जातो, मग वार्षिक हप्ता येतो आणि क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. कार्डावर थकबाकी राहिली, तर एका पगारात भागत नाही असं समजा.

तालीम जमली तरी राजीनाम्याआधी तीन कामं उरतात. कर्जाच्या हप्त्यांसह किमान सहा महिन्यांचा, जमल्यास नऊ महिन्यांचा खर्च हाताशी हवा. आरोग्यविमा आधी स्वतंत्र घ्या आणि बाळाचं नाव त्यात घाला. काही आजारांसाठी नव्या पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही, म्हणून आधी जुनी बंद आणि मग नवी सुरू, असं करू नका. नवऱ्याचा मुदतविमा वार्षिक उत्पन्नाच्या दहापट आणि त्यात फेडायचं उरलेलं कर्ज मिळवून, इतका धरा. तुझाही हवा, कारण तू नसलीस तर तू करशील ती कामं विकत घ्यायला पैसेच लागतात. आणि दरमहा ठरलेली रक्कम आपोआप तुझ्या स्वतःच्या खात्यात जाईल अशी सोय पहिल्याच महिन्यात कर. पुढे ती मागायला जीभ अडखळते.

मधला मार्गही लेखी विचार: बिनपगारी रजा वाढवणं, कमी दिवस, टप्प्याटप्प्याने परतणं. ‘थोडी सवलत मिळेल का’ असं विचारलंस तर उत्तर गोलमोल येईल. कोणते दिवस, किती तास, कोणती कामं दुसऱ्याकडे जातील आणि आढावा कधी, एवढं त्या पत्रात हवं. तास ६० टक्के झाले आणि काम १०० टक्केच राहिलं, तर तो सौदा तोट्याचा.

परतायचं ठरलं तर पाळणाघर दोन आठवडे आधी सुरू कर, पहिल्या दिवशी एक तास, मग वाढवत ने. गुरुवारी रुजू हो, म्हणजे पहिला आठवडा दोन दिवसांचा होतो. काढलेलं ताजं दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. गोठवलेलं वितळलं की पुन्हा गोठवू नये. पाळणाघरातली मुलं सुरुवातीच्या महिन्यांत सारखी आजारी पडतात. अशा दिवशी रजा कोणी घ्यायची, ते आळीपाळीने आत्ताच ठरवा, नाहीतर ती नेहमी तुझीच जाईल. साधारण आठव्या महिन्यापासून मूल आईला सोडताना जास्त रडू लागतं. तो वाढीचा टप्पा असतो, त्यावरून राजीनामा लिहायचा नाही.

सोडायचंच ठरलं, तर शेवटचा दिवस बोनसच्या तारखेनंतरचा निवड. ऑफिसचा मेल बंद होण्याआधी पगारपत्रकं आणि कराचे कागद उतरवून घे, अनुभवपत्र माग आणि व्यावसायिक परवाना असेल तर त्याचं नूतनीकरण चुकवू नकोस. पाच वर्षांचे रकाने भरून झाले की मला पाठव, नवऱ्याच्या अक्षरात भरलेले असले तर जास्त बरं.

तुझी,
ताई