धुऱ्यावरच्या काटेरी झाडाचं बी लिव्हरसाठी चालते का?

तुम्ही विचारलं की वडिलांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, कोणत्यातरी व्हिडिओत मिल्क थिसलचं बी सांगितलं अन् तसंच पांढऱ्या शिरांचं काटेरी झाड तुमच्या धुऱ्यावर आहे, तर बी कुटून द्यावं का. थांबा भाऊ, देऊ नका. आधी त्याचं एक पान मोडून पाहा.

माझं तालुक्याला मेडिकल आहे अन् घरी शेती. मागच्या उन्हाळ्यात एक काका पन्नीत पावभर बी घेऊन दुकानात आले, "पाय बरं भाऊ, हे लिव्हरचं बी व्हय का?" बी बारीक, गोल, काळं, अगदी मोहरीच. म्हटलं झाड आणा. दुसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळून फांदी आणली, काउंटरवरच पान मोडलं तर पिवळाजर्द चीक निघाला, माझ्या अंगठ्याला हळद लागल्यासारखा डाग पडला. पिवळा धोतरा! तुमच्याकडचंही बहुतेक तेच असन, कारण पानावरच्या पांढऱ्या शिरा अन् काटे दोघांचे इतके सारखे की फोनमधल्या फोटोवरून कोणीही फसते.

पिवळा धोतरा थिसल नाहीच, तो अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. फूल पिवळं, पातळ पाकळ्यांचं, अन् काटेरी बोंडात ते काळं बी. त्या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष असते, त्यानं रक्तवाहिन्या सैल पडून पाणी झिरपते, पाय सुजतात, दम लागते, हृदयावर येते, कधी डोळ्यात काचबिंदूही होते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हेच तेल मिसळलेलं निघालं होतं, साठच्या वर माणसं मेली अन् हजारो दवाखान्यात भरती झाली. ते तर भेसळीचं तेल होतं, तुम्ही तर बीच चमच्यानं देणार होते!

खऱ्या मिल्क थिसलचं फूल जांभळं असते अन् बी तपकिरी, चपटं, मोहरीपेक्षा बरंच मोठं, सूर्यफुलाच्या कुळातलं. ते मूळचं भूमध्य समुद्राकडचं, आपल्याकडं काश्मीर-हिमालयाच्या बाजूला आढळते, विदर्भातल्या धुऱ्यावर मी तरी कधी पाहिलं नाही. आपल्याकडचा खरा थिसल म्हणजे उटकटारा, तो निळसर-पांढऱ्या काटेरी चेंडूवाला, ज्यात हात घातला की दिवसभर आठवण राहते. आमची आजी त्याची मुळी खोकल्याला उगाळून द्यायची अन् बाळंतपण अडलं की बाईच्या केसाला बांधायची (बांधून काय होते ते तिलाच ठाऊक). त्यात एपिजेनिनसारखे फ्लेवोनॉइड अन् एकिनॉप्सिन नावाचं अल्कलॉइड सापडलं आहे, उंदरांवर सूज कमी झाल्याचंही दिसलं, पण उंदीर म्हणजे तुमचे बाबा नाहीत.

आता मिल्क थिसलचं खरं औषध. बियांत सिलिमारिन असते, ते एकच द्रव्य नाही, सिलिबिन, सिलिक्रिस्टिन, सिलिडायानिन असे चार-सहा मिळून बनते अन् त्यात सिलिबिन मुख्य. सगळ्यात भारी उपयोग विषारी अळिंबीत आहे. डेथ कॅप नावाच्या अळिंबीचं विष लिव्हरच्या पेशीत ज्या दारानं शिरते तेच दार सिलिबिन अडवते, म्हणून युरोपात त्याचं इंजेक्शन सलाईनमधून देतात. पण इंजेक्शन वेगळं अन् बियांचा काढा वेगळा. सिलिमारिन पाण्यात नीट विरघळतच नाही, म्हणजे खरं बी मिळालं अन् उकळून पाजलं तरी कामाचा माल गाळणीतच राहून जाते. गोळी घेतली तरी पोटातून कमीच शोषल्या जाते.

गोळ्या मीही विकतो, 140 मिलिग्रॅमच्या, लोक जेवणासारख्या तीन टाइम घेतात. पण हिपॅटायटिस सी वाल्या 154 पेशंटवर अमेरिकेत ट्रायल झाली, 2012 ला छापून आली, त्यात 420 अन् 700 मिलिग्रॅम असे दिवसातून तीनदा 24 आठवडे देऊनही लिव्हरचा एन्झाइम नुसत्या साखरगोळीपेक्षा जास्त उतरला नाही. फॅटी लिव्हरमध्ये काही लहान अभ्यासात थोडा फरक दिसला, पण त्याच्या जोरावर रात्रीची पार्टी सुरू ठेवायची असं होत नाही. वजन, दारू, शुगर हे तिन्ही आधी पाहा. गोळी द्यायचीच तर डॉक्टरला विचारून द्या, खास करून शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर, कारण शुगर आणखी खाली येऊ शकते. अन् बाबांना गाजर गवतानं अंगावर खाज उठत असेल तर तेही सांगा, दोन्ही एकाच कुळातले आहेत, ॲलर्जी इकडंही निघू शकते.

अन् जमा केलेलं बी परत धुऱ्यावर फेकू नका, पुढच्या साली दुप्पट उगवन. कोंबड्यांपुढं तर बिलकूल टाकू नका.