वाचकांचे प्रश्न : पाठभर टॅटू कसा सोसायचा?

प्रश्न : पूर्ण पाठीवर टॅटू काढायचा आहे. आर्टिस्टने साधारण ३० तास लागतील असं सांगितलं आहे. पाठीला बधिर करणारी क्रीम लावून आठ-आठ तासांच्या सिटिंगमध्ये काम उरकता येईल का?

उत्तर : कृपया पूर्ण पाठीला क्रीम लावू नका. या क्रीममधलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध कातडीतून रक्तात उतरतं. क्रीम जितक्या मोठ्या भागावर लावाल, तितकं ते जास्त उतरतं. वर प्लास्टिक गुंडाळलं तर आणखी, आणि सुईने हुळहुळ्या झालेल्या कातडीवर पुन्हा चोपडलं तर फारच. ओठांभोवती मुंग्या येणं, कानात गुणगुण, चक्कर ही सुरुवातीची लक्षणं. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेल्या क्रीमबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये इशारा दिला, त्यात टॅटूचा उल्लेख होता.

क्रीम वापरायचीच असेल तर तळहाताएवढ्या एखाद्या नाजूक जागेपुरती, अखंड कातडीवर, पाकिटावर लिहिलं असेल तितका वेळ आधी लावा आणि आर्टिस्टला आधी सांगा. ती पूर्ण पुसली नाही तर स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा नक्षीचा छाप, नीट उमटत नाही. काही क्रीमनी कातडी फुगल्यासारखी होते, मग शाई एकसारखी बसत नाही. असर तासा-दोन तासांत ओसरतो आणि तेव्हा कळ एकदम येते. म्हणून ती जागा सगळ्यात आधी उरकायला सांगा.

खरा उपाय सिटिंगच्या आखणीत आहे. आठ तासांऐवजी तीन ते चार तास बसा. पहिल्या काही मिनिटांत चरचरतं, मग शरीर सरावतं. पण तिसऱ्या तासानंतर कातडी सुजलेली असते आणि शाई पुसणारा कागदसुद्धा सुईपेक्षा जास्त झोंबतो. त्यापुढे ओढलेला तास अंगाला जड जातो. पाठीचा कणा, फासळ्या आणि काखेकडचा भाग फार दुखतो. खांद्याच्या फऱ्यावरचा मांसल भाग त्यामानाने सोपा. अवघड भाग पहिल्या दीड तासात घ्या, शेवट सोप्या भागावर करा. त्याच जागेवर पुन्हा काम करायचं तर मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

पालथं झोपून मान आणि कंबर आखडते, आणि ते दुखणं सुईच्या दुखण्यात मिसळतं. छातीखाली आणि घोट्यांखाली उशी मागून घ्या. सुई टेकताना श्वास रोखून अंग आवळू नका, कारण स्नायू थरथरले की रेघ हलते. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. बसण्याच्या एक-दोन तास आधी पोटभर जेवा. दर दीड तासाने दहा मिनिटं थांबा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. जांभया, थंड घाम, कान बंद झाल्यासारखं वाटणं ही घेरी येण्याची खूण आहे. संकोच न करता तेव्हाच थांबवा, आडवे राहून पाय उंच करा, झटकन उठून बसू नका.

प्रश्न : आधी वेदनाशामक गोळी घेतली तर?

उत्तर : अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा. त्यांनी रक्त गोठायला उशीर होतो, शाईबरोबर रक्त झिरपत राहतं आणि काम लांबतं. हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉलने रक्तस्राव वाढत नाही, पण सुईची कळही फारशी कमी होत नाही. ती नंतरच्या ठणक्याला उपयोगी पडते, पाकिटावरच्या मात्रेतच. दारू आदल्या दिवसापासून बंद.

प्रश्न : घरी गेल्यावर किती दिवस दुखेल?

उत्तर : दोन-तीन दिवस उन्हाने भाजल्यासारखी आग होते, मग कमी होत जाते. पाठ टेकवून झोपू नका, सैल सुती कपडे घाला. आग कमी होण्याऐवजी वाढू लागली, लाली पसरली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.