तृतीयपंथी की पारलिंगी? एका माहितीपत्रकाचा प्रश्न

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही एचआयव्ही तपासणी आणि लैंगिक आरोग्य सेवांचं माहितीपत्रक मराठीत तयार करतोय. ट्रान्सजेंडरसाठी तृतीयपंथी लिहावं की पारलिंगी? आणि तो-ती-तेचं काय करायचं?’

माझं उत्तर: मथळ्यात ‘ट्रान्सजेंडर (पारलिंगी)’ लिहा. खाली एकदा ‘तृतीयपंथी, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, नॉन-बायनरी, सगळ्यांसाठी’ असं स्पष्ट म्हणा (नॉन-बायनरी म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे). एकाच शब्दावर सगळा भार टाकू नका.

‘तृतीयपंथी’ शब्द वाईट नाही. आधीच्या शिवीवजा शब्दांपुढे तो सन्मानाचाच आहे आणि अनेकजण स्वतःला अभिमानानं तसं म्हणवतात. पण पंथ म्हणजे वाट. पंथात माणूस सामील होतो, दीक्षा घेतो. गुरू-चेल्यांच्या परंपरेत राहणाऱ्यांना तो शोभतो. एखादी ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मावेळी पुरुष अशी नोंद झालेली स्त्री, मात्र म्हणेल, मी तिसरी कुठून, मी स्त्री आहे. आणि ट्रान्स पुरुषाचं, म्हणजे जन्मावेळी स्त्री अशी नोंद झालेल्या पुरुषाचं, तर हा शब्द ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर चित्रच येत नाही.

‘तिसरे’पणाला आणखी एक जुनं ओझं आहे. अमरकोशात ‘तृतीयाप्रकृति’ हा शब्द षंढ, क्लीब, नपुंसक यांच्या रांगेत बसवलेला आहे. ‘स्त्रीही नाही, पुरुषही नाही’ यावरून ‘म्हणजे लैंगिक आयुष्यच नाही’ इथवर मन नकळत पोचतं. दवाखान्यात हे फार महागात पडतं. समोरच्या माणसाला नपुंसक धरून चाललं, की कंडोमबद्दल, जोडीदाराबद्दल, गुप्तरोगांच्या तपासणीबद्दल त्याला कुणी विचारतच नाही.

‘पारलिंगी’त ‘पार’ म्हणजे पलीकडे, नदीपार असतो तसा. लॅटिन ‘ट्रान्स’चा अर्थही तोच, म्हणून जोडणी नेमकी बसली. अडचण एकच, शब्द अजून सगळ्यांच्या कानावर पडलेला नाही. म्हणून शेजारी ‘ट्रान्सजेंडर’ हवाच. ‘उभयलिंगी’ मात्र टाळा. तो जीवशास्त्रातला शब्द आहे, गांडुळासाठीचा. शिवाय ‘उभयलैंगिक’शी त्याचा घोळ होतो, आणि उभयलैंगिकता, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांबद्दल आकर्षण वाटणं, ही निराळीच गोष्ट.

आता पत्रकाबरोबरच्या नोंदणी अर्जाकडे वळतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची, म्हणजे प्रेपची, ‘आयप्रेक्स’ नावाची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१० साली आले. २४९९ जण सहभागी होते. पुढे आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांतल्या ३३९ जणी ट्रान्स स्त्रिया धरल्या गेल्या. त्यांपैकी २९ जणींनी स्वतःला ‘स्त्री’ म्हटलं होतं, २९६ जणींनी ‘ट्रान्स’, आणि १४ जणांनी ‘पुरुष’ सांगूनही स्त्रीत्वाचे हार्मोन घेत असल्याचं नोंदवलं होतं. अर्जात एकच रकाना असता तर यांतले कितीतरी हरवले असते. या वेगळ्या मोजणीमुळेच ध्यानात आलं, की या गटात गोळी नेमानं घेतली जात नव्हती, त्यामुळे तिचा उपयोगही दिसला नव्हता. म्हणून प्रश्न दोन विचारा: ‘आज तुम्ही स्वतःला काय म्हणता?’ आणि ‘जन्माच्या वेळी तुमची नोंद काय झाली होती?’ पहिल्याला मोकळी ओळ ठेवा.

तपासण्यांची यादी ‘स्त्रियांसाठी’ आणि ‘पुरुषांसाठी’ अशी पाडली, की ट्रान्स पुरुष गर्भाशयमुखाच्या तपासणीला येतच नाही. वास्तविक ते गर्भाशयमुख त्याच्याजवळ असू शकतं, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना तिथल्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. लिंग लिहू नका, अवयव लिहा: ‘ज्यांना गर्भाशयमुख आहे त्यांनी’. ट्रान्स पुरुष घेतात तो पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, घेतल्यानं गर्भधारणा टळतेच असं नाही, हेही तिथंच सांगा. आणि ‘संप्रेरक’ नको, ‘हार्मोन’ लिहा. घेणारे तेच म्हणतात.

इंग्रजीतून येणारा एक शब्दप्रयोग धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्या पाच गटांकडे खास लक्ष द्यायला सांगते, त्यांत ट्रान्स व्यक्ती आहेत. त्या गटांच्या ‘की पॉप्युलेशन्स’ या इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर करून कुणी ‘मुख्य लोकसंख्या’ लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, बहुसंख्य लोक! ‘अतिजोखमीचे लोक’ त्याहून वाईट, कारण धोका माणसाच्या ओळखीत नसतो. असुरक्षित संबंधांत, नाकारलेल्या सेवेत असतो. ‘ज्यांच्यापर्यंत सेवा आधी पोचायला हवी’ असं साधं लिहा. तसंच ‘एड्सग्रस्त’ नको. एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही उपचार न झाल्यास पुढे येणारी अवस्था. उपचारांवर असलेल्या बहुतेकांना एड्स होतच नाही, आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. ‘एचआयव्ही असलेली व्यक्ती’ पुरे.

राहिलं तो-ती-ते. मराठी क्रियापद पदोपदी लिंग मागतं: आलास की आलीस, आलो की आले. पण ‘तुम्ही’ म्हटलं की ते मागणं संपतं. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘गोळ्या घेतल्यात का?’ यात लिंग कुठंच नाही. आदरार्थी बोलण्यातच ही सोय आहे, तेव्हा अख्खं पत्रक ‘तुम्ही’त लिहा. ‘ते’ किंवा ‘त्या’ म्हणायची वेळ आली तर मात्र पुन्हा लिंग आडवं येतं. तिथं त्या व्यक्तीलाच विचारा आणि सांगेल ते वापरा. ‘ते’ नपुंसकलिंगी एकवचनात तिनं स्वतः सांगितल्याशिवाय नको. ‘ते मूल’ म्हणावं तसं प्रौढ माणसाला म्हटलं तर लागतं.

पत्रकात नाही, पण बाहेरच्या बाकाशी उभ्या असणाऱ्या कर्मचाऱ्याला एक सांगून ठेवा. नाव पुकारताना श्री., श्रीमती नको, ‘पुढचा’, ‘पुढची’ही नको. ‘नंबर सात’ म्हणावं.