एअरफ्लो सेन्सर घरी साफ केल्यापासून डिझेल गाडी ओढत नाही. सेन्सर बदलावाच लागेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २०१४ची डिझेल हॅचबॅक. रविवारी घरीच एअर फिल्टर बदललात, डबी उघडलीच आहे म्हणून मास एअरफ्लो सेन्सरही (इंजिनात जाणारी हवा मोजतो तो) काढून कार्ब क्लीनरने, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेने, धुतलात, आणि तेव्हापासून पिकअप गायब, चेक इंजिनचा दिवा चालू. गॅरेजवाले म्हणतात सेन्सर गेला, नवा टाका.

लगेच टाकू नका. हाच उद्योग मी केलेला आहे आणि एक नवाकोरा सेन्सर अजून माझ्या कपाटात पडून आहे.

माझीही गाडी डिझेलच, १.३ लिटरची. दिवाळीच्या आधी घरातली साफसफाई टाळायची म्हणून मी बॉनेट उघडून बसलो होतो. फिल्टरची डबी निघेना, म्हणून तिच्यापुढचा रबरी पाइप चांगला पिरगळून बाजूला केला. सगळं बसवलं, गाडी चालू झाली, खूश. दोन दिवसांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात पाय तळाला टेकवला तरी गाडी ढिम्म. भरलेले ट्रक ओलांडून जात होते. काळा धूर नाही, खडखडाट नाही, नुसती मरगळ.

परत आल्यावर कुठेतरी वाचलेली युक्ती केली: सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी फिरवून बघितली. गाडी पुन्हा पळायला लागली! म्हणजे सेन्सरच खराब, असं मी ठरवून टाकलं आणि साडेतीन हजार मोजून नवा आणला. लावला. गाडी परत तशीच मेलेली.

चूक कुठे झाली ते कळायला सेन्सर काय करतो ते बघावं लागेल. बशीतल्या चहावर फुंकर मारली की चहा निवतो, जोरात मारली की लवकर निवतो. सेन्सरच्या आत एक अतिशय पातळ तार किंवा फिल्म असते, ती बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवली जाते. हवा जेवढी जास्त जाईल तेवढी ती निवते आणि तेवढा जास्त करंट तिला द्यावा लागतो. त्या करंटवरून ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) समजतं की इंजिनात किती हवा गेली. डिझेल गाडीत या आकड्यावर दोन गोष्टी ठरतात: ईजीआर (इंजिनाचा जळालेला धूर थोडा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा आणि धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं.

आता सेन्सर आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्यामधल्या पाइपला चीर पडली तर टर्बो थोडी हवा चिरेतून ओढतो. ती सेन्सरसमोरून गेलेलीच नसते. सेन्सर प्रामाणिकपणे कमी आकडा सांगतो, ईसीयू डिझेल आखडतं घेतो, गाडी मरगळते. कनेक्टर काढला की ईसीयू स्वतःकडचा ठोकळ आकडा वापरतो आणि गाडी बरी वाटते. म्हणजे कनेक्टर काढून गाडी सुधारली तर एवढंच सिद्ध होतं की आकडा चुकीचा येतोय. तो सेन्सरमुळे चुकतोय की पाइपमुळे, ते त्यातून कळत नाही. माझे साडेतीन हजार इथेच गेले.

शेवटी आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी काय केलं, तर गणपतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलली, इंजिन चालू ठेवून मला अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगितला आणि उदबत्ती पाइपच्या कडेकडेने फिरवली. खालच्या बाजूला, पाइपच्या घड्यांमध्ये, सरळ वर जाणारा धूर एकदम आडवा होऊन आत खेचला गेला. वरून बघून ती चीर दिसतच नव्हती. इंजिन हललं की उघडायची, बंद केलं की मिटायची. मी पिरगळला होता तोच पाइप. (पेट्रोल गाडीला किंवा नुकताच कार्ब क्लीनर फवारलेल्या जागी उदबत्ती अजिबात नेऊ नका. तिथे पाइप काढून, उजेडासमोर धरून, वाकवून बघा.)

तेव्हा तुम्ही ज्याला ज्याला हात लावला ते आधी तपासा. गाडी बंद करून कनेक्टर काढा, पिना वाकल्यात का बघा, परत लावताना ‘टक्’ आवाज येतो का ते ऐका; त्याचं प्लास्टिकचं कुलूप तुटलं असेल तर कनेक्टर धक्क्यांनी मागे सरकतो. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो इंजिनकडे हवा. रबरी रिंग चेपली गेली नाही ना, डबीच्या सगळ्या क्लिपा बसल्यात ना. आणि हसू नका, पण फिल्टरची प्लास्टिकची पिशवी किंवा पुसायचं फडकं डबीत राहिलेलं लोकांनी पाहिलंय.

मग स्कॅनर लावा, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचता येतात. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (असा स्कॅनर जोडायची ठरावीक सोय) सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीला साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलमधलं अ‍ॅप चालायला हरकत नाही. पी०१०२ किंवा पी०१०३ हा कोड आला तर आधी वायर आणि कनेक्टरकडे बघा, कारण सिग्नलच फार कमी किंवा फार जास्त येतोय. पी०१०१ म्हणजे सिग्नल येतोय पण पटत नाहीये: गळती, घाण किंवा सेन्सर स्वतः. चावी चालू, इंजिन बंद असताना हवेचा आकडा जवळपास शून्य हवा. साधा हिशेबही करता येतो: माझ्या १२४८ सीसीच्या इंजिनाचे चार भाग, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी हवा. इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू आणि ईजीआर बंद असेल तर एका स्ट्रोकला साधारण ३५० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवी. ईजीआर उघडा असताना बरीच कमी दिसते, त्यावरून घाबरू नका.

आता कार्ब क्लीनरचं. तो प्लास्टिक आणि फिल्मवरच्या थराला त्रास देऊ शकतो, मागे चिकट थरही ठेवतो. सगळं तपासून पाइप-कनेक्टर ठीक निघाले तर एअरफ्लो सेन्सरसाठीच मिळतो तो स्प्रे आणा, लांबून मारा, बोट, कापूस, ब्रश, पंक्चरवाल्याची हवा यातलं काहीही लावू नका आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. त्यानंतरही चावीवरचा आकडा शून्याजवळ येत नसेल तर मात्र सेन्सर गेला म्हणायचा. मग स्वस्तातला डुप्लिकेट घेऊ नका, त्याचे आकडे तुमच्या ईसीयूच्या हिशेबाशी जुळतीलच असं नाही.

पेट्रोलवाले हे वाचत असतील तर: आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. आधी तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे का ते बघा.

पाइप फाटलेला निघाला तर नवा येईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. पिकअपचं जाऊ द्या, ती चीर फिल्टरच्या पुढे आहे, रस्त्याची धूळ न गाळता थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. कोड आणि चावीवरचा आकडा मिळाला की इथे खाली टाका, बघून सांगतो.